कोल्ड रूमचं दार

सातिवलीच्या एका गोदामात परदेशी फळांची कोल्ड रूम आहे. तिच्या दाराशी भर मे महिन्यात स्वेटर आणि माकडटोपी घालून एक इसम बसायचा. दुकानासाठी सफरचंदं आणायला मी रोज जायचो, पण त्याचं नाव कधी कळलं नाही. तो बोलायचा ते फक्त "दार!" असं खेकसायला. दार उघडं राहिलं की फळांना घाम सुटतो आणि ती सडतात. पगार शेठ द्यायचे, पण हा चाकरी सफरचंदांची करायचा.

एकदा खुद्द शेठ त्या उघड्या दारात उभे राहून फोनवर गप्पा हाणत होते. दोनदा "दार!" ऐकूनही ते हलेनात. याने त्यांना आत ढकललं, दार लावलं, त्याला स्टूल टेकवलं आणि वर बसून घरच्या वाडीतलं केळं सोलायला घेतलं.

"काका, नोकरी जाईल!" मी म्हणालो.

"शेठ आत टिकतील. फळं बाहेर टिकत नाहीत."

केळं सावकाश संपवून त्याने दार उघडलं. शेठ कुडकुडत बाहेर आले आणि शिवी द्यायला त्यांनी तोंड उघडलं.

"दार!" हा खेकसला.

शेठ शिवी गिळून मागे वळले आणि त्यांनी मुकाट्याने दार लावलं.