जास्तीची बॅटरी

कपाट आवरताना जुन्या रेक्झिनच्या पिशवीचा वास आला आणि तिच्यातली लॅपटॉपची बॅटरी हाताला लागली. वर्ध्याला कॉलेजात असताना जंगलातल्या, वीज नसलेल्या गावी मुलांना शिकवायला आमच्यापैकी एकीनं महिनाभर जायचं होतं. त्यासाठी भर उन्हात नागपूरची दुकानं पालथी घालून मी दोन बॅटऱ्यांचा लॅपटॉप शोधला, आणि सरांनी पाठवलं मात्र माझ्या मैत्रिणीला. पोटात असं दुखलं, की एक बॅटरी मी लपवूनच ठेवली. "बॅटरी एकच भेटली," लॅपटॉप तिच्या हाती देताना मी म्हणाले. "तुह्यामुळंच जाऊन राह्यली मी," एसटीच्या खिडकीतून ती म्हणाली. महिन्यानं परतली ती उन्हानं रापलेली, भलतीच खूश. "लॅपटॉप दुसऱ्याच दिवशी बंद पडला वं! मंग पोरायनंच मले त्यायची गोंडी शिकवली." आज ती बॅटरी हातात घेतली, आणि पुन्हा तिचाच हेवा वाटला.