टोपली रिकामी पाठवायची नाही

ते झाडावरचं घर झाडावर नव्हतंच. हे मला पोचल्यावर दहा मिनिटांत कळलं आणि मी ते बायकोला सांगितलं नाही.

दोह्याच्या उत्तरेला, उम्म सलाल मोहम्मदच्या पुढे, एका कतरी गृहस्थांचं शेत होतं. त्यांनी बाहेरून मागवलेलं फर्निचर हमद पोर्टवर अडकलं होतं आणि ते सोडवण्याचं काम माझ्या टेबलावर आलं. मी विशेष काही केलं नव्हतं. चार फोन केले, तेही पगार घेऊन. पण गृहस्थ खूश झाले. फुटबॉलचा विश्वचषक सात-आठ महिन्यांवर आला होता. अख्खं दोहा येणाऱ्या पाहुण्यांना झोपवायला जागा शोधत होतं आणि या गृहस्थांनी शेतावर ‘ट्री हाउस रिसॉर्ट’ काढलं होतं. उघडण्याआधी ओळखीतल्या कुटुंबांनी एक रात्र राहून बघावं, अशी त्यांची इच्छा. त्यांनी मला विचारलं, मी हो म्हणालो. मला कुणी काहीही विचारलं तरी मी हो म्हणतो. लोकांना तो चांगुलपणा वाटतो. खरं तर ती नुसती भीती आहे.

यावेळी मात्र माझा एक स्वार्थही होता. मला बायकोला एक गोष्ट सांगायची होती.

नाशिकच्या माझ्या मामेभावाला मॅचची तिकिटं लागली होती. त्याला, त्याच्या मित्रांना, मित्रांच्या मेहुण्यांना, अशी मिळून आठ जणांना. “दादा, तुझ्याकडेच उतरतो,” असं त्यानं व्हॉईस मेसेजवर कळवलं. “तू टेन्शन घेऊ नको. आपल्याला काय, भिंतीला टेकलं तरी झोप लागते.” मी हो म्हणालो. आमचा अल दुहैलमधला फ्लॅट दोन बेडरूमचा. एक आमची, एक मुलीची. आणि मुलगी त्या वर्षी दहावीत जाणार होती. तिनं आयुष्यात पहिल्यांदा आमच्याकडे काही मागितलं होतं: परीक्षा होईपर्यंत तिची खोली तिची एकटीची, दार बंद, कुणी पाहुणा आत झोपवायचा नाही. यापूर्वी तिच्या खोलीत माझे दोन काका, एक शाळासोबती आणि ज्यांचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही असे एक गृहस्थ राहून गेले होते. बायकोनं तिला शब्द दिला. मीही दिला. म्हणजे मी मुलीलाही हो म्हणालो होतो आणि मामेभावालाही.

हे घरी सांगायला मला धीर होत नव्हता. घरी बायको चिडली की आतल्या खोलीत जाते आणि दार आपटते. झाडावर आतली खोली नसेल, असा माझा हिशोब होता.

मार्च होता. दुपारी ऊन तापायला लागलं होतं, पण शेतावर वारं होतं. मालक दारातच उभे होते. साठीपलीकडचे, पांढराशुभ्र पायघोळ थोब घातलेले, हातात भल्यामोठ्या चाव्या. जुन्या पिढीच्या बऱ्याच कतरी लोकांना येतं तसं त्यांना हिंदी येत होतं.

“ये देखो,” ते म्हणाले. “पूरा जंगल.”

जंगल म्हणजे एक सिद्रचं झाड. सिद्र ही आपल्या बोरीचीच थोरली बहीण, तशीच काटेरी. तिच्या शेजारी सहा जाड खांब, खांबांवर घर आणि घराला आतून-बाहेरून खजुराच्या झावळ्या बांधलेल्या. बोरीची एक फांदी खिडकीतून आत घेतली होती, म्हणून ते झाडावरचं घर. बायकोला ते इतकं आवडलं की तिनं शिडी चढायच्या आधीच माहेरच्या ग्रुपवर फोटो टाकला.

मी मात्र वर गेलो आणि पलंगामागच्या कोपऱ्यात वाकून बघितलं. झावळ्यांच्या आड, कोपऱ्यात, तो भोकं असलेला लोखंडी ठोकळा होता. असे ठोकळे मी रोज शेकड्यांनी बघतो. तो कंटेनर होता, वीस फुटी. पोर्टवरच्या कामाचा कंटाळा आला म्हणून मी बायको-मुलीला घेऊन एका कंटेनरमध्ये राहायला आलो होतो. बायको फांदीला हात लावून “किती जिवंत वाटतं ना इथे!” म्हणाली. मी म्हणालो, हो.

मालकांचा सगळ्यात आवडता शोध म्हणजे टोपली. खिडकीला कप्पी लावली होती, तिच्यावरून दोर, दोराला वेताची मोठी टोपली. खाली अंगणात त्यांचं स्वयंपाकघर. “कुछ मांगता, घंटी मारो,” त्यांनी समजावलं. “टोकरी ऊपर आएगा. नहीं मांगता, तो भी मारो.”

आम्ही घंटी वाजवली नाही, तरी टोपली आली. खजूर आणि गाव्याचा थर्मास, म्हणजे वेलची घातलेली त्यांची फिकी कॉफी. आम्ही खाल्लं, प्यायलो, आणि मी टोपली खाली सोडणार तेवढ्यात बायको ओरडली, “अहो, थांबा! रिकामी काय पाठवताय?”

बरोबर होतं तिचं. कुणाचं भांडं आपल्या घरात भरून आलं तर ते रिकामं परत करायचं नाही. आईनं शेजारणीचं पातेलं कधी रिकामं दिलं नाही, निदान चिमूटभर साखर तरी घातली. बायकोनं पिशवीतून चिवड्याचा डबा काढला, कागदात भरपूर चिवडा बांधला आणि टोपली खाली गेली.

खालून मालकांचा आवाज आला, “माशाल्ला!” आणि टोपली पुन्हा वर. यावेळी खुब्झच्या रोट्या, हमूसची चटणी, दही, काकड्या आणि एक मधाची बाटली.

“आता?” मुलगी म्हणाली.

“आता लाडू,” बायको म्हणाली.

बेसनाचे लाडू खाली गेले. खालून अख्खं कलिंगड आलं. ते ओढताना माझ्या तळहाताची सालं निघाली, पण मालक खालून “यल्ला, यल्ला!” करत होते, तेव्हा थांबणं बरं दिसलं नसतं. कलिंगडाच्या बदल्यात बायकोनं कैरीच्या लोणच्याची बरणी दिली. ती सासूबाईंनी पाठवलेली शेवटची बरणी होती. देताना तिचा हात जरा अडखळला, हे मी पाहिलं. पण मीच म्हणालो, “दे, दे. पाहुणचार आहे.” बरणीच्या बदल्यात भाताचा एवढा मोठा थाळा आला की टोपलीत मावेना म्हणून तो टोपलीवर आडवा ठेवला होता. आमच्याकडचं खाणं संपलं. मी माझा न वापरलेला पंचा घडी घालून पाठवला. मालकांनी अत्तर पाठवलं. मुलीनं तिची गणिताची गाइड पाठवायची तयारी दाखवली. ती बायकोनं हिसकावून घेतली.

“पण आई, इट्स अ गिफ्ट!”

“गप्प बस. दहावी आहे तुझी.”

मला घाम फुटला. एक तर दहावी हा शब्द ऐकून आणि दुसरं म्हणजे त्यांच्याकडून आलेल्या अत्तराच्या बदल्यात आता द्यायचं काय, म्हणून. शेवटी मी माझं कंपनीकडून मिळालेलं टेबलावरचं घड्याळ-कम-कॅलेंडर बॅगेतून काढलं. ते मी रिसॉर्टवर का नेलं होतं, देव जाणे. मी ते पाठवलं.

खाली बराच वेळ काहीच हालचाल नाही. आम्ही तिघं खिडकीशी श्वास रोखून. मग दोर ताणला गेला. मी ओढला. टोपली जड होती आणि ती हलत होती. आणि ती ओरडत होती.

टोपलीत शेळीचं पिल्लू होतं. तपकिरी, कान लोंबणारे, गळ्यात निळी फीत.

“ओ माय गॉड,” मुलगी म्हणाली, “बाबा, कॅन वी कीप इट?”

“हो,” मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

बायको मटकन पलंगावर बसली. पिल्लू खोलीभर फिरलं, माझी चप्पल हुंगली, ती नापसंत केली आणि पलंगामागच्या कोपऱ्यात जाऊन झावळ्या खायला लागलं. एक झावळी ओढली, मग दुसरी. आम्ही आवरेपर्यंत भिंतीचा हातभर तुकडा उघडा पडला. निळा पत्रा, पन्हाळीसारखा वळ्यावळ्यांचा, आणि त्यावर पांढऱ्या रंगातले अर्धे आकडे.

“अहो,” बायको म्हणाली. “हा कंटेनर आहे?”

“हो.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“आल्यापासून.”

ती माझ्याकडे बघत राहिली. पिल्लू चघळत राहिलं. “आणखी काय काय माहीत आहे तुम्हाला, जे मला माहीत नाही?”

मी पिल्लाला उचलून छातीशी धरलं, थोडं त्यानं पत्रा चाटू नये म्हणून आणि थोडं माझ्यासाठी. आणि सांगून टाकलं. आठ जण, मामेभाऊ, मेहुणे, हॉलमध्ये पाच आणि मुलीच्या खोलीत तीन, असं सगळं. मुलगी ऐकत होती. तिचा चेहरा बघवेना. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं “ओके” म्हटलं आणि फांदीकडे बघत राहिली.

बायको म्हणाली, “आठ जण शेळीसकट की शेळीशिवाय?”

मला हसू आलं आणि हसल्याबद्दल लगेच वाईट वाटलं. तिला मात्र हसू आलेलं नव्हतं. ती उठली, रिकामी टोपली खिडकीतून खाली सोडली, खरोखरच रिकामी, आणि शिडीवरून उतरायला लागली. मी पिल्लू घेऊन मागोमाग. शिडीवर बोरीचे काटे पडलेले, पिल्लू माझ्या कॉलरचं टोक चावत होतं.

खाली मालक रिकाम्या टोपलीत डोकं घालून बघत होते.

“चाचाजी,” बायको त्यांना म्हणाली, “अब खलास. आपने बहुत दिया, शुक्रन. लेकिन अब टोकरी खाली ही जाएगी. और ये बच्चा उसकी माँ को वापस. आप बुरा मत मानना.”

मी डोळे मिटले. माझ्या मते आता कतरमधलं आमचं आयुष्य संपलं होतं.

मालक खुर्चीत बसले. एवढा मोठा सुस्कारा मी माणसाचा ऐकला नव्हता. “अल्हम्दुलिल्ला,” ते म्हणाले. “मैं बोला, ये हिंदी लोग रुकेगा नहीं! मेरा औरत फोन किया, बोला किचन खाली, अब क्या भेजेगा? मैं बोला बकरी. वो बोला बकरी के बाद?” त्यांनी शेताच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे एक उंट उभा होता. “उसका टोकरी किधर मिलेगा?”

ते इतके हसले की त्यांना खोकला आला. मग बायको हसली. वरच्या खिडकीतून मुलगीसुद्धा. पिल्लू आईकडे पळालं आणि आमचं लोणचं मालकांनी हट्टानं परत दिलं. अर्धी बरणी. बाकीचं त्यांनी तेवढ्यात खाल्लं होतं.

शिडीच्या पायथ्याशी बायकोनं माझा फोन माझ्या हातात दिला. “बघितलंत? नाही म्हटलं तर माणूस मरत नाही. आता तुम्ही.”

मी मामेभावाला मेसेज रेकॉर्ड केला. त्यात त्याच्या तब्येतीची चौकशी केली, मामा-मामींना नमस्कार सांगितला, दोह्याच्या घरभाड्यांबद्दल बोललो, मुलीच्या अभ्यासाचं सांगितलं आणि “तर बघ, जरा अवघड दिसतंय” असं म्हणून संपवला. दोन मिनिटांत उत्तर आलं. “समजलं दादा! मेहुण्यांना कट करतो. सहा चालतील ना?”

बायकोनं कपाळावर हात मारला. मुलगी खाली आली होती. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी पुन्हा बटण दाबलं. “घरी कुणालाच ठेवता येणार नाही. तुझ्यासकट. पोरीला खोली लागते.” आणि नेहमीच्या सवयीनं सॉरी म्हणायच्या आधी बोट उचललं.

उत्तर आलं: “बरं.” एवढंच.

ते ‘बरं’ मला आठ महिने पुरलं. मामींनी फोन करून, मी लहानपणी त्यांच्याकडे सुट्टीत किती आंबे खाल्ले, याची आठवण करून दिली. मामेभाऊ ग्रुपवर सगळ्यांच्या फोटोंना अंगठे द्यायचा, माझ्या फोटोला नाही. मी रोज रात्री ठरवायचो की सकाळी त्याला ‘ये’ म्हणून सांगावं, आणि सकाळी मुलीचं बंद दार बघून नाही सांगायचो. बायको म्हणायची, छान, असंच रोज नाही सांगत जा.

ते आठही जण दुबईत उतरले आणि मॅचपुरते विमानानं आले. मामेभाऊ एकटा दुपारी घरी जेवायला आला. येईल असं मला वाटलं नव्हतं. सोनपापडीचा डबा घेऊन आला, सोफ्यावर ताठ बसला. बायकोनं पुरी-श्रीखंड केलं होतं. त्यानं बंद दाराकडे बघितलं.

“अभ्यास?”

“हो,” मी म्हणालो. “सकाळपासून.”

आणि नेमकी तेव्हाच आतून किंचाळी आली. “गोऽऽऽल!” मग काहीतरी पडल्याचा आवाज, मग शांतता.

मी मामेभावाकडे बघू शकलो नाही. या खोलीसाठी मी त्याला नाही म्हणालो होतो. तो उठला, दारापाशी गेला आणि टकटक केली. “किती झाले गं?”

दार उघडलं. “काका, क्विक, रिप्ले दाखवतायत!” तो आत गेला. दार बंद झालं.

मी पुऱ्या गार होईपर्यंत हॉलमध्ये उभा राहिलो. आतून दोघांचा आरडाओरडा येत होता. बायको म्हणाली, बोलवा त्यांना जेवायला. मी जाऊन हळूच टकटक केली.

“अभ्यास चालू आहे,” आतून मामेभावाचा आवाज आला.