सोलर भरायची वेळ

लातुरात मी मुलींचं वसतिगृह चालवते. एका हिवाळ्यात गच्चीवरच्या सोलरमधून गरम पाणी येईना, म्हणून मिस्त्री बोलावला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. जिना चढण्याआधी त्यानं भिंतीवर पंजा टेकवून पाहिला. म्हणाला, "भूकंप पाह्यलेला माणूस हाय मी. सवय जात न्हाई."

त्यानं टाकी रिकामी केली, काचेच्या नळ्या काढून आतला क्षार धुतला. त्या परत बसवेपर्यंत दुपार झाली आणि रिकाम्या नळ्या उन्हानं चांगल्याच तापल्या. मुली क्लासवरून यायच्या आत मला काम उरकायचं होतं. मी मोटर लावायला निघाले, तर त्यानं हातच आडवा धरला. नळ्यांवर आमची सतरंजी पसरली आणि स्वतः सावलीत डबा उघडून बसला.

"आत्ताच भरा की," मी वैतागून म्हणाले.

"तापल्या काचंत गार पाणी घातलं की काच तडकती, मॅडम. अगुदर निवू द्या. मंग भरू."

माझ्या हातात फोन होता. टेस्टमध्ये मार्क घसरलेली एक मुलगी सकाळपासून खोलीत रडत होती, आणि तिच्या वडिलांना मी तेव्हाच कळवणार होते. मी फोन पर्समध्ये टाकला.

ऊन कलल्यावर त्यानं एक नळी काढून आत बोट घालून पाहिलं, ती परत बसवली आणि मगच मोटर लावायला सांगितलं. एकही नळी तडकली नाही.

तिच्या वडिलांना मी चार दिवसांनी फोन केला. तोही तिला शेजारी बसवून.