पहिला थेंब जमिनीला

चुरी सर समोर बसलेल्या पुरुषाला नाव विचारायच्या आधी एकच प्रश्न विचारत. "पहिला थेंब कुठे गेला?" आवाज इतका हळू, की समोरचा आधी मागे वळून बघायचा. डहाणू रोडच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये मी २०१४ साली कामाला लागले आणि पहिल्याच दिवशी पडद्याआडून हे ऐकलं. मनात म्हटलं, बाई गं, हा डॉक्टर आहे की भगत?

कारण तसं साधं होतं. वीर्यातले बहुतेक शुक्राणू सुरुवातीच्या भागात असतात. घाबरलेल्या, लाजलेल्या माणसाकडून नेमका तोच डबीबाहेर सांडतो आणि मोजणी खोटी ठरते, घाईने बघितलं तर शून्यसुद्धा. पण सर समजावत बसत नसत. उंच, वाळलेला देह आणि पापणी न लवता बघायची सवय. माणसं आपसूक खरं बोलायची.

मोजणीच्या वेळी पंखा बंद, खिडक्या बंद, बोलणं बंद. बारीक चौकटी कोरलेल्या जाड काचेवर थेंब घातला की ती काच ओल्या फडक्याच्या डब्यात झाकून ठेवायची, सगळं तळाला बसेपर्यंत. मग एक बाजू ते मोजत, दुसरी मी. आपला आकडा आधी सांगायचा नाही. दोन्हींत फार फरक पडला तर दोन्ही फेकायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी वैतागून म्हटलं, "सर, जवळपास तर आलंय की." डोळा न काढता ते म्हणाले, "मंगल, जवळपास कोणी राहत नाही. माणूस घरात असतो, नाहीतर नसतो."

मला ते आवडायचे आणि त्यांची भीतीही वाटायची, दोन्ही एकदम. रिकाम्या नमुन्यापुढे ते सगळ्यात जास्त वेळ बसत. उरलेला नमुना यंत्रात गरगर फिरवून तळाचा गाळ बघत, मग पुन्हा बघत. "नाही म्हणायला जास्त बघावं लागतं, अगं," असं पुटपुटत. बंद खोलीत फक्त त्यांचा श्वास ऐकू यायचा. कधी वाटायचं, काचेखालून कोणीतरी त्यांच्याकडे बघतंय आणि ते यांना ठाऊक आहे. मी उगाच बाटल्या वाजवायचे.

२०१८ च्या दिवाळीनंतर जमीन हलायला लागली. आधी खोल कुठून तरी धडाड असा आवाज, मग धक्का. तलासरीकडच्या पाड्यांवर लोक भर थंडीत अंगणात ताडपत्रीखाली झोपू लागले. आमच्या काचेवर शांत बसलेलं सगळं अचानक एका बाजूला सरकायचं, जणू कोणी हाक मारली. मी जीव मुठीत धरून रस्त्यावर पळायचे. परत आले की सर तिथेच बसलेले. "पुन्हा भर," एवढंच म्हणायचे.

त्याच थंडीत तलासरीच्या डोंगराकडचा सुरेश आला, मोठ्या भावाला घेऊन. खरं तर भावानेच त्याला आणलं होतं. लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नव्हतं म्हणून सुरेशने दुसऱ्या एका लॅबमध्ये तपासणी करून घेतली होती. रिपोर्टमध्ये शून्य. आणि लगोलग कळलं, की बायकोला, सविताला, दिवस गेलेत. तिला माहेरी पाठवून दिलं होतं. "शून्यातून पोर कसं येईल, तुम्हीच सांगा डॉक्टर," भाऊ म्हणाला. सुरेश खाली बघत होता.

सरांनी तो रिपोर्ट हातात घेतला नाही. "त्या वेळी डबी कुठे भरलीस?"

"घरामागे."

"पहिला थेंब कुठे गेला?"

सुरेशने आधी भावाकडे बघितलं. मग म्हणाला, "जमिनीला दिला."

त्यांच्या पाड्यावर ताडी प्यायच्या आधी पहिला घोट जमिनीला देतात. जमीन हलायला लागल्यापासून तर जे काही नवं हाती येईल, त्यातलं पहिलं तिला. पोर मागायला निघालेल्या सुरेशने तेच केलं होतं. "ती भुकेली होती ना," तो म्हणाला. मी हातातली डबी पटकन खाली ठेवली. सर मात्र मान हलवत होते, जणू हेच उत्तर त्यांना हवं होतं.

सरांनी त्याला काही दिवसांनी पुन्हा बोलावलं, नमुना आमच्याकडेच पूर्ण घेतला. मधे एकदा धक्का बसला, काच नव्याने भरली. शेवटी माझा आणि त्यांचा आकडा जुळला. चांगली, निरोगी माणसाची संख्या. सर सुरेशला म्हणाले, "बाप कोण हे मी मोजू शकत नाही. तुझ्याकडून मूल होऊ शकतं, एवढं नक्की." सुरेश ढसाढसा रडला. त्याला एकट्याने सासरी जायचा धीर होईना, म्हणून सर स्वतः निघाले. कधी नव्हे ते निघाले, म्हणून मीही गेले.

पोहोचेपर्यंत दिवस कलला होता. सगळा पाडा उघड्यावर, चुली बाहेर, कोंबड्या बाहेर. सविता तेवढी घरात. आत अंधार, भिंतींना चिरा. तिची आई म्हणाली, "ती बाहेर येत नाय. म्हणते, बाहेर माणसं बोलतात, आत नुसत्या भिंती हलतात."

सर दारातून म्हणाले, "बाई, तुमच्या नवऱ्याचा रिपोर्ट आणलाय. आधीचा चुकीचा होता."

आतून आवाज आला. बाई दिसत नव्हती, नुसता आवाज. "त्यात माझं नाव आहे?"

"नाही."

"मग त्यालाच द्या. पोर त्याचंच, हे मी सांगितलं तेव्हा त्याने काय मोजलं?"

सुरेश अंगणात खाली बसला. सरांनी रिपोर्टची घडी करून खिशात ठेवली. तेवढ्यात जमिनीतून तो धडाड आवाज आला. भांडी पडली, सगळे मोकळ्याकडे पळाले, मी पळाले, सुरेशही पळाला. वळून बघते तर सर तिच्या उंबऱ्यावर बसलेले, दोन्ही हात चौकटीला टेकवून, वरून माती पडतेय. आतून ती पोटातल्याला म्हणत होती, "काय नाय, काय नाय." हलणं थांबलं तेव्हा सर म्हणाले, "बाई, आधी तुमच्याकडे यायला हवं होतं." तिने आतून पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. फक्त हात दिसला.

सविता सासरी परतली नाही. सर त्या पावसाळ्यात झोपेतच गेले. मी खूप रडले, अजूनही रडते.

दिवाळीच्या सुमारास एक बाई तान्ह्या मुलीला घेऊन लॅबमध्ये आली, पोरीचं रक्त तपासायला. आवाजावरून मी ओळखलं. तिने रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, मी सांगितलं, सर गेले. ती पोरीला थोपटत राहिली.

मग म्हणाली, "घर हलत होतं तेव्हा माझ्या दारात ते एकटेच बसलेले."