इनामदार सर आणि बाद झालेला फॉर्म

इनामदार सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी दौंडला, आमच्या शाळेत पेपर तपासत होते. शिरूरच्या कॉलेजात त्यांनी मला टेनिस शिकवलं होतं. पेन खाली ठेवून मी रडले… माझे वडील, आबा, गेले तेव्हाही इतकी रडले नव्हते. आज दीड महिन्यानं लिहायला बसले, तर त्या रडण्याचीच लाज वाटते.

आमचा मुलींचा संघ चौघींचा. कोर्ट मुरमाचं, दर पावसाळ्यात वाहून जाणारं. कॉलेज टेनिसला फार काही देत नसे; रॅकेटच्या तारा सर पदरमोड करून बदलून आणत. आमच्या राहू गावाहून दोन एसट्या बदलून मी सकाळी पोचायचे, तर सर पाणी मारून रोलर फिरवत असायचे. दुसऱ्या वर्षी त्यांनी मला पहिल्या नंबरला खेळवायचं ठरवलं. घरी मात्र आबांची अट होती, "इद्यापीठाच्या स्पर्धेला खेळलीस तर शिरूर. न्हाईतर दौंडला नाव घाल." सरांना हे माहीत होतं. मीच सांगितलं होतं.

स्पर्धेच्या आठवडाभर आधी सरांनी मला बाजूला घेतलं. माझा पात्रतेचा फॉर्म बाद झाला होता, बारावीचं मार्कशीट जोडलेलं नव्हतं म्हणून. मी जोडल्याचं मला पक्कं आठवत होतं. पण सर सांगतायत म्हटल्यावर मी माझ्या आठवणीवरचा विश्वास काढून घेतला. संघ अडचणीत आणल्याबद्दल त्यांची माफी मागितली. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, "होतं पोरी असं." माझ्या जागी वैशाली गेली, संस्थेच्या एका संचालकांची मुलगी. मी दौंडला नाव घातलं. तिथं टेनिस नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात शिरूरला सिमेंटचं कोर्ट झाल्याचं ऐकून मला आनंदच झाला.

नंतर वीस वर्षं मी दर ईदला सरांकडे जात राहिले. मागच्या खेपेला मी पुन्हा माफी मागून म्हणाले, सर, त्या मार्कशीटनं माझा घात केला. सरांनी शिरखुर्म्याची वाटी तेवढी पुढं सरकवली…

कॉलेजातल्या शोकसभेत वैशाली बोलायला उभी राहिली. कॉलेज तेव्हा टेनिस बंदच करणार होतं, ते सरांनी कसं वाचवलं हे ती कौतुकानं सांगत होती. "सर घरी आले, पप्पांना म्हणाले, तुम्ही कोर्ट बांधून द्या, मी वैशालीला संघात घेतो. एका मुलीचं नाव काढावं लागलं. पण सरांनी फॉर्मचं कारण सांगून तिलाही दुखावलं नाही." लोकांनी माना डोलावल्या. मी तिसऱ्या रांगेत होते. तिनं मला ओळखलं नव्हतं.

टेनिस वाचलं, हे खरं आहे. त्यांनी समोर बसवून विचारलं असतं, तर कदाचित मी स्वतःच नाव मागं घेतलं असतं. त्यांनी विचारलं नाही. उलट वीस वर्षं माझी माफी घेत राहिले.

सभा संपल्यावर शिपायानं सरांची क्रीडा विभागाची खोली उघडून दिली. खुर्चीवर घडी घातलेला टॉवेल होता. फळ्यावर पुढच्या सामन्याची यादी, सरांच्या ठसठशीत अक्षरात. चार मुलींची नावं. मी ती दोनदा वाचली. खाली त्यांनी रेघ मारून लिहिलं होतं, 'नावात बदल असल्यास आधी सांगावे.'