मुठीला आठवण नसते

पगारे बाई वर्गात यायच्या त्या चिडलेल्याच. आम्ही चिडवायच्या आधीच. जिन्यातून त्यांच्या चपलांचा आवाज आला की मागच्या बाकावरची मुलं आपोआप सरळ बसायची आणि पुढच्या बाकावरची, म्हणजे माझ्यासारखी हुशार समजली जाणारी, घशातल्या घशात व्याख्या घोळवू लागायची. बाई फळ्यावर एक शब्द लिहायच्या, नुसता एकच, आणि वळून कुणाकडे तरी खडू रोखायच्या.

"ऑस्मॉसिस. ऊठ. समज, मी तुझी आत्या. निफाडहून आलेय. मला सांग."

मी उठलो आणि सुरू केलं, सेमीपर्मिएबल मेम्ब्रेनमधून सॉल्व्हंटचे रेणू वगैरे. इंग्रजी शब्द मराठी क्रियापदांना बांधून गाडी अशी भरधाव सोडली की मला स्वतःचाच अभिमान वाटला. बाईंनी ऐकून घेतलं, फळ्यावरचा शब्द तळहाताने पुसून टाकला आणि विचारलं, "पाठ आहे की माहीत आहे?"

हा त्यांचा ठरलेला प्रश्न.

"अरे, निफाडच्या आत्याला मेम्ब्रेन काय सांगतोस? तिच्या घरी मनुका आहेत की नाहीत? रात्री पाण्यात टाकल्या की सकाळी टम्म का होतात, ते सांग. पाणी आत शिरतं, मग साखर सगळी बाहेर का येत नाही? विचार केलायस कधी? खाल्ल्यास फक्त!"

वर्ग हसला. मीही हसलो, कारण खाल्ल्या होत्या हे खरंच होतं.

ही सत्तरच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. आमच्या घरात जुन्या गोष्टी सांगण्याचं खातं माझ्याकडे आहे. मी घसा साफ केला की मुलं म्हणतात, बाबांची कॅसेट लागली, आणि एकेक जण पाणी प्यायला उठतो. पण पगारे बाईंची बाजू लागली की कुणी उठत नाही. बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी त्यांचा राग आमच्या घरात अजून नांदतो आहे. तो कसा आला, ते सांगतो.

आमच्याकडे मुली नात्याबाहेर द्यायच्या नाहीत अशी रीत होती. माझी आई अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, मामाची मुलगी. अण्णांची बहीण तारी, माझी आत्या, तीही अशीच नात्यात दिलेली, निफाडला, द्राक्षमळेवाल्यांकडे. आणि आत्याचा मुलगा दिगूदादा याला आमची सुमनताई पाळण्यातच ठरलेली. दोघांनाही ते गोड वाटत होतं. दिगूदादा नाशिकला आला की विनाकारण दोनदा पाणी मागायचा आणि ताई विनाकारण माझ्यावर खेकसायची.

माझा धाकटा भाऊ बाळू जन्मापासून ऐकत नव्हता, बोलत नव्हता. आत्याची थोरली शकू, तीही तशीच. पण दोघांची कारणं घराण्याने वेगवेगळी नेमून दिली होती. शकूला कुणाची तरी दृष्ट लागली होती. बाळूच्या वेळी मात्र आईने ग्रहणात विळीवर बसून भोपळा चिरला होता. म्हणजे त्यांचं ते दुर्दैव आणि आमची ती आईची चूक. आत्या दर भेटीत बाळूच्या डोक्यावरून हात फिरवायची, सुस्कारा टाकायची आणि म्हणायची, "एक दिवस दम धरला असता वहिनी, तर पोरगं बोललं असतं." आई खाली बघायची. मला आज हे लिहितानाही राग येतो. तेव्हा येत नव्हता, कारण तेव्हा ते माझ्या कानाला घड्याळाच्या टिकटिकीसारखं सवयीचं झालं होतं.

माझ्या बारावीच्या वर्षी लग्न ठरलं. अण्णा कचेरीत कारकून. त्यांचा छापील कागदावर फार विश्वास. त्यांनी माझं बायॉलॉजीचं पुस्तक चष्मा लावून वाचलं आणि शांतपणे मिटलं.

"चारात एक मूल असं निघतं, असं लिहिलंय. आमच्याकडे बाळू झाला, तारीकडे शकू झाली. दोन्ही घरांचा वाटा भरला. आता सुमीची पोरं खणखणीत."

मला हे इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी लग्नाची पत्रिका द्यायला स्टाफरूममध्ये गेलो, तेव्हा बाईंना मी ते आपणहून ऐकवलं. वर म्हणालोही, "बाई, आमच्या अण्णांना माहीत आहे. पाठ नाहीये."

बाईंनी पत्रिका वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा पत्रिकेकडे.

"नवरामुलगा तुझा कोण?"

"आत्याचा मुलगा."

"तीच, शकूची आई?"

"हो."

"'रिसेसिव्ह म्हणजे काय' या प्रश्नाला तुला किती मार्क पडले होते?"

मी अभिमानाने सांगितले. बाईंनी पिशवी उचलली. "चल."

"कुठे?"

"तुझ्या घरी. मार्क परत घ्यायला."

रविवार कारंजाच्या चौकातून त्या झपाझप निघाल्या. मी त्यांच्या मागून असा चाललो होतो की बघणाऱ्याला वाटावं, चोर सापडलाय आणि चौकीवर निघालाय.

घरी लगीनघाई. आत्या आणि दिगूदादा निफाडहून बस्त्यासाठी आलेले, खाटेवर येवल्याची पैठणी उलगडून ठेवलेली. ताई पदरावरचे मोर न्याहाळत होती. आई पापडांसाठी सुपात अख्खे उडीद निवडत बसली होती, शेजारी अक्षतांच्या तांदळाचं ताट. बाळू चौकटीला टेकून सगळ्यांचे ओठ बघत होता. आत्याने बाईंना बसा म्हणण्याआधी आडनाव विचारलं. मग पाणी आणलं ते वेगळ्या, कडा चेपलेल्या पेल्यातून. बाईंनी पेल्याकडे पाहिलं, तो जमिनीवर ठेवला आणि सरळ आईसमोर मांडी घालून बसल्या.

"जरा द्या ते सूप."

त्यांनी आईच्या मुठीत एक उडीद आणि एक तांदूळ ठेवला. अण्णांना बोलावून त्यांच्या मुठीतही तसंच. कारकुनाला कुणी असं हुकूम सोडून बसवलेलं आम्ही पहिल्यांदाच पाहिलं.

"काळा दाणा ऐकू न येण्याचा. पण जोडीला पांढरा असला की काळा लपून राहतो. म्हणून तुम्हा दोघांना ऐकू येतं. मूल होताना आईबाप एकेक दाणा देतात, डोळे मिटून. काढा."

दोन पांढरे निघाले. "ही सुमन समजा. दाणे परत मुठीत." पुन्हा काढले. एक काळा, एक पांढरा. पुन्हा काढले. दोन्ही काळे.

"झाला बाळू," अण्णा म्हणाले. "वाटा भरला."

"परत काढा."

पुन्हा दोन्ही काळे. अण्णा आपल्या तळहाताकडे बघत राहिले.

"काय झालं? पुस्तकात तर चारात एक होतं!" बाईंचा आवाज चढला. "प्रत्येक वेळी चारात एक, साहेब. दर वेळी नव्याने. मुठीला आठवण नसते! आधी काय दिलं ते ती लक्षात ठेवत नाही. तुमच्या सुमनच्या मुठीत काळा असेल किंवा नसेल, या मुलाच्या मुठीतही तसंच. कळायची सोय नाही. पण एकाच घराण्याचे दाणे, म्हणून धोका आहे. होईलच असं मी म्हणत नाही. मी विचारते, जिला मूल होणार, तिला हे कुणी सांगितलंय का?"

"लय शिकलेली हाय मास्तरीण," आत्या म्हणाली. "लग्नघरात येऊन अभद्र बोलाया लाज नाय वाटत? आमच्या शकूला दृष्ट लागली व्हती. आन् याचं तर साऱ्या गावाला ठावं हाय."

तेवढ्यात आई बोलली. इतक्या हळू की बाईंना पुढे वाकावं लागलं.

"बाई, म्हणजे ग्रहणाचं काही नव्हतं?"

"नव्हतं."

"विळीचं?"

"नाही हो. अर्धं तुमच्याकडून आलं, अर्धं यांच्याकडून. कुणाची चूक नाही."

आईने सूप उचललं आणि असं आपटलं की उडीद पैठणीपर्यंत उडाले. माझ्या आईला आवाज आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

"बाळूच्या बारशापासून ऐकतेय मी, वन्सं! एक भोपळा चिरला होता मी. एक भोपळा! तुमच्या घरी दृष्ट आणि माझ्या घरी पाप? आणि तुम्ही," ती अण्णांकडे वळली, "तुम्हाला पुस्तक वाचता येत होतं. माझ्यासाठी मात्र ते कधी उघडलं नाहीत!"

अण्णांनी चष्मा काढला आणि तो पुसत बसले. बाळूने आईचा चेहरा बघितला आणि घाबरून माझा शर्ट धरला. दिगूदादा उडीद वेचू लागला. त्याला दुसरं काही सुचलं नसावं.

ताई उठली. तिचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, ती बाईंनाच बोलणार, आणि ती बोललीच.

"माझं लग्न मोडायला आलात तुम्ही?"

"तुला सांगायला आले. मोडायचं की करायचं, ते तू ठरव."

ताईने दिगूदादाच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी करीन. पण आत्या, मूल कसंही होवो, माझ्या आईला जे ऐकवलंत ते मला ऐकवायचं नाही. इथेच कबूल करा."

आत्या पैठणीची घडी घालू लागली. दिगूदादा ओंजळीत उडीद घेऊन उभा राहिला. "नाय ऐकवणार," तो म्हणाला. "मी हाय ना."

बाई पिशवी घेऊन उठल्या. "मला पटलेलं नाही," त्या ताईला म्हणाल्या.

"पण आता मला माहीत आहे ना, बाई?"

बाईंनी मान डोलावली. निघताना आईने त्यांना आमच्या रोजच्या पितळी तांब्यातून पाणी दिलं. ते त्या प्यायल्या. लग्नाला आल्या, कोपऱ्यात बसल्या, आणि अक्षता उडाल्या तेव्हा शेजारणीला म्हणाल्या, "केवढा तांदूळ वाया!"

ताईचा पहिला मुलगा झाला. पातेलं पडलं की दचकायचा. आत्या पेढे घेऊन थेट आमच्या कॉलेजात गेली, विजयी मुद्रेने. बाईंनी पेढा खाल्ला, बोटं पुसली आणि म्हणाल्या, "चांगलं झालं. पण मुठीला आठवण नसते." आत्या महिनाभर हे वाक्य शिवीसारखं सांगत फिरत होती.

दुसरी मुलगी झाली. पातेलं पडलं, ती झोपून राहिली.

मी तेव्हा निफाडलाच होतो. आत्याने पाळण्यात डोकावून पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि सुरुवात केली, "तरी मी म्हनत व्हते, सातव्यात ही पोर अवसेला..." बाळंतिणीच्या खाटेवरून ताईचा आवाज आला. तो ताईचा नव्हताच. तो जिन्यातून वर येणाऱ्या चपलांचा होता.

"आत्या! पाठ आहे की माहीत आहे?"

आत्याचा पदर तोंडावरून खाली आला.

"नाही ना माहीत? मग सूप आणा. उडीद आणा. दिगू, तूही बस इथे."

सूप खरंच आलं. त्या घरात ग्रहणाचं, अवसेचं, दृष्टीचं नाव पुन्हा निघालं नाही. आणि त्या दिवशी, कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच, आत्या शकूला जवळ घेऊन बसलेली मी पाहिली.

मुलगी झाल्यानंतरच्या रविवारी बाईंना मी एसटीने निफाडला घेऊन गेलो. वाटेत त्यांनी कंडक्टरला झापलं, मला झापलं, माझ्या बीएस्सीच्या मार्कांना झापलं. मला वाटलं, घरात पाऊल टाकल्यावर तरी त्या निवतील, दोन शब्द समजुतीचे बोलतील.

पाळण्यात मुलगी टोपड्यात, दुपट्यात, कपाळापासून हनुवटीपर्यंत गुंडाळलेली. बाळू पाळण्याजवळ बसून दुपट्याची कड हळूच खाली ओढत होता आणि आत्या ती पुन्हा वर ओढत होती. त्यांचं हे बहुतेक सकाळपासून चाललं असावं.

बाई दारातूनच ओरडल्या, "काढा ते! काय झाकून ठेवलंय?"

"वारं लागंल तिला," आत्या म्हणाली.

"लागू द्या! तुमची तोंडं दिसली पाहिजेत तिला. ती डोळ्यांनी ऐकणार आहे. आणि तुम्ही तेच झाकून ठेवलंत!"

आत्याने दुपटं सोडलं. बाळू पाळण्यावर वाकला. त्याने ओठ मोठे करून, आवाज न काढता काहीतरी सांगितलं. मुलगी त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली.