नानांना कोण सांगणार?

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता पुसट झाली आहेत. ती दुपार मात्र अजून तशीच दिसते. कधी जागेपणी, कधी डुलकी लागता लागता.

गिरणाकाठच्या एका तालुक्याच्या ठाण्यात मी निरीक्षक होतो. हिवाळा संपत आला होता. रस्त्यापलीकडे कापसाचं जिनिंग होतं. त्याची घरघर दिवसभर चाले आणि खिडकीतून कापसाचे बारीक तंतू आत येत. टेबलावर, टोप्यांवर, चहाच्या कपात अलगद बसत. दुपारच्या उन्हात ते हवेत तरंगताना दिसले की माणसाचे डोळे आपोआप जड होत.

तशा वेळी गोळीचा आवाज झाला.

मी बाहेर धावलो. शस्त्रं जमा करायच्या खोलीच्या दारात आमचा एक शिपाई भिंतीला टेकून खाली बसला होता. डाव्या दंडातून रक्त वाहत होतं. समोर एक जुने हवालदार उभे होते. सगळं ठाणं त्यांना नाना म्हणे. पिस्तूल खाली पडलेलं होतं. जिनिंगची घरघर चालूच होती आणि ते तंतू तसेच तरंगत खाली येत होते.

दोघं आरोपीला धुळ्याच्या कोर्टात हजर करून नुकतेच परतले होते. आम्ही शिपायाला गाडीत घातलं आणि धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. नाना त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. वाटेतच शिपाई मला म्हणाला, "साहेब, चूक माझी. नानांचं पिस्तूल मी रिकामं करत होतो. माझ्याच हातून सुटलं."

पिस्तूल नानांच्या नावावर दिलेलं होतं. सांगितलेलं तसं जुळत होतं. पंचनामा झाला, मी जबाब घेतला. निष्काळजीपणाचा ठपका त्याच्यावर येणार हे उघड होतं. तरुण माणूस, नोकरीची बरीच वर्षं बाकी, घरी लहान मुलगी. मला वाईट वाटत होतं, पण कागद कागदाच्या वाटेने निघाले होते.

दोन गोष्टींनी मला थांबवलं. डॉक्टर मलमपट्टी करताना सहज बोलले की जखमेभोवती भाजल्याची खूण नाही. स्वतःच्या हातातल्या पिस्तुलाची गोळी इतक्या जवळून लागली, तर कातडीवर काळं उठतंच. दुसरी गोष्ट शिपायाच्या बायकोचा फोन. शेतात राबणारी बाई, माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती. आवाज दबलेला.

"साहेब, औषध दिधं का दुपारना झोपमा बडबड करतस. 'नाना, तोंड खाले धरा, नाना,' आसं म्हंतस. जाग उनी का काहीच बोलत नही. आनि नाना तं दिनभर उशापाशी बसेल शे, हातवर जेवाडतस. खरं काय शे, तुम्हीच इचारा."

मी धुळ्याला गेलो तेव्हा खरंच नाना त्याला मऊ खिचडी भरवत होते. मी त्यांना चहाला पाठवलं आणि खाटेजवळ स्टूल ओढून बसलो. वॉर्डाचे पडदे वाऱ्याने फुगत होते, पुन्हा खाली बसत होते. शिपाई छताकडे पाहत होता.

"पिस्तूल रिकामं कसं केलंस, तेवढं सांग," मी म्हणालो. "सावकाश. आधी काय केलंस?"

"आधी मॅगझीन काढलं, साहेब. मग स्लाइड मागे ओढली. मग चेंबर..."

तो तिथेच थांबला. त्याच्या लक्षात आलं, आणि माझ्याही. मॅगझीन, म्हणजे काडतुसांची डबी, काढून मग पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, ओढली की नळीमागच्या खोबणीत, चेंबरमध्ये, राहिलेलं काडतूस बाहेर पडतं. मग गोळी सुटायला आत काही उरतच नाही. त्याला योग्य रीत इतकी पक्की ठाऊक होती की खोटं सांगतानाही चुकीची तोंडात आली नाही.

"जो असं करतो त्याच्या हातून गोळी सुटत नाही," मी म्हणालो.

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. पुढे कितीही विचारलं तरी एवढंच म्हणाला, "मी दिलेला जबाब राहू द्या, साहेब."

पोलिसाची चौकशी करणं अवघड असतं. चौकशी कशी चालते हे त्याला आपल्याइतकंच माहीत असतं. म्हणून नानांना मी प्रश्न विचारायचे नाहीत असं ठरवलं. ठाण्यात परतल्यावर त्यांना माझ्या खोलीत बोलावलं. एका पिस्तुलाच्या मॅगझीनमध्ये सरावाची खोटी काडतुसं भरली, त्यांना ती दाखवली आणि पिस्तूल त्यांच्यासमोर ठेवलं.

"नाना, रोज करता तसं रिकामं करून दाखवा."

नानांनी ते उचललं. डोळे खिडकीबाहेर होते, हात आपले आपण चालत होते. अनेक वर्षांचे सराईत हात. त्यांनी आधी स्लाइड ओढली. मग मॅगझीन काढून टेबलावर ठेवलं. पिस्तूल कमरेच्या उंचीवर आडवं धरलं आणि रिकामं असल्याची खात्री करायला बोट ट्रिगरकडे नेलं. मी हात पुढे करून पिस्तूल घेतलं आणि स्लाइड पुन्हा ओढली. चेंबरमधलं काडतूस टपकन टेबलावर पडलं.

पहिल्या ओढीतच मॅगझीनमधलं काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसलं होतं. मॅगझीन नंतर काढून काय उपयोग!

नानांनी ते काडतूस उचलून तळहातावर घेतलं. "मला वाटत होतं पिस्तूलच बिघडलं असेल," ते हळूच म्हणाले. मग खुर्चीत बसले. "मना हातनी चूक शे, साहेब. पोराने गाडीत माझं मनगट दाबलं, म्हणाला, नाना गप राहा. मी गप राहिलो. दुसऱ्या दिवशी तोंड उघडणं आणखी जड झालं. त्याला भरवत राहिलो, दुसरं काय करणार होतो?"

त्यांनी नवा जबाब दिला, सही केली आणि पट्टा काढून माझ्यापुढे ठेवला. गुन्हा त्यांच्यावर दाखल झाला. निलंबन, खात्याची चौकशी, शिक्षा हे सगळं झालं. शिपायावरचा ठपका गेला, पण त्याचा हात खांद्याच्या वर पुन्हा कधी गेला नाही. त्याला बिनतारी संदेशाच्या खोलीत काम दिलं.

माझ्यावर तो बरेच दिवस रागावलेला होता. एकदा बोलला तेव्हा मात्र सगळं बोलला. "मी दोन वर्षांपूर्वी उजळणीचा कोर्स करून आलो, साहेब. तेव्हापासून रोज पाहत होतो की नाना उलटं करतात. त्यांनीच मला नोकरी शिकवली. त्यांना मी कसं सांगणार? एरवी मॅगझीन रिकामंच असे म्हणून निभावलं; त्या दिवशी आरोपीमुळे ते भरलेलं होतं, म्हणून मुद्दाम पुढे झालो, पिस्तुलाचं तोंड खाली धरा एवढं म्हणालो, तेवढ्यात... मी आधी बोललो असतो तर? म्हणून म्हटलं, चूक माझीच."

त्याचा जबाब तसाच राहिला असता तर काय झालं असतं, हे नानांच्या नव्या जबाबानंतर पुढच्याच आठवड्यात कळलं होतं. मी ठाण्यातल्या प्रत्येकाला खोटी काडतुसं देऊन शस्त्र रिकामं करायला लावलं. एकामागून एक, कितीतरी हातांतून चेंबरमधलं काडतूस खाली पडलं. काहींना नानांनी शिकवलं होतं, काहींना नानांनी शिकवलेल्यांनी. निलंबित असूनही नाना माझ्या परवानगीने साध्या कपड्यांत आले होते. ते प्रत्येकाजवळ जात, त्याचा हात धरत आणि म्हणत, "मी चुकीचं शिकवलं रे भाऊ. आधी मॅगझीन."

चुकीपेक्षा मला तिच्याभोवतीच्या गप्प बसण्याचा विचार पडला. ते प्रेमातून आलं होतं, आदरातून आलं होतं, म्हणून कोणालाच खटकलं नव्हतं. त्यानंतर जिथे जिथे बदली झाली तिथे मी एक नियम लावला. शस्त्र जमा करताना कोणीही 'थांबा' म्हटलं की समोरच्याने थांबायचं, मग म्हणणारा हुद्द्याने कितीही लहान असो. पहिले काही महिने कोणी तो शब्द उच्चारला नाही. मोठ्यांना सांगायची जीभच आपल्याकडे घडवलेली नसते.

मग शिरपूरकडच्या बंदोबस्तावरून एका सकाळी परतलो. दोन दिवसांचा थकवा होता, डोळे मिटत होते. पिस्तूल पुढे केलं, तर खोलीतली नवी महिला शिपाई ताठ उभी राहिली.

"साहेब, थांबा. चेंबर दाखवा."

माझं चेंबर रिकामंच होतं. तरी मी स्लाइड मागे ओढून धरली, पिस्तूल तिच्या डोळ्यांसमोर नेलं, आणि ती नीट वाकून पाहून 'ठीक आहे, साहेब' म्हणेपर्यंत तसाच उभा राहिलो.